मर्लिन टीचरचा जबाब

मर्लिन टीचर पोहायला शिकवते ती काठावर उभी राहून नाही, पाण्यात उतरून आणि सतत बोलत. देवबागात म्हणतात, तिचा आवाज खाडीच्या पलीकडच्या काठाला पोचतो. तिचं म्हणणं, मुलांच्या कानात पाणी गेलेलं असतं, मग मोठ्यानेच बोलावं लागणार. तिचे वडील बोटीवर खलाशी होते. सुट्टीवर आले की पोरीला होडीतून पाण्यात ढकलायचे. चार वेळा ढकलली, पाचव्या वेळी तिनेच उडी मारली. पुढे लग्न, दोन मुलगे, गोव्यातल्या एका हॉटेलात लाइफगार्डची नोकरी, असं सगळं करून ती गावी परतली, तेव्हा जयराम शेटनी आपल्या रिसॉर्टमागे पोहण्याचा टँक बांधला होता आणि त्यांना शिकवणारं माणूस हवंच होतं.

जयराम शेटचे दोन रिसॉर्ट, पर्यटकांना फिरवायच्या पाण्यावरच्या सहा स्कूटर आणि एकुलता एक मुलगा, गंधार. गंधारचं गावभर कौतुक, आणि ते खोटं नव्हतं. पाण्यात तो असा सरके की बघणाऱ्याने हातातला चहा विसरावा. सतराव्या वर्षी त्याने राज्य स्पर्धेत रौप्यपदक आणलं. वळणावर त्याचा फ्लेक्स लागला.

फक्त त्याने केलेली चूक नेहमी दुसरं कोणीतरी निस्तरायचं. त्याने कपडे बदलायच्या खोलीतला आरसा फोडला, दुसऱ्या दिवशी नवा लागला. एका लहान मुलाच्या कानाखाली मारली, तेव्हा त्या मुलाच्या आईलाच समजावण्यात आलं की खेळाडू आहे, डोकं तापतं. एकदा शाळेतल्या मारामारीत त्याचं नाव आलं, तर त्या वेळी तो टँकवर सरावाला होता असं पत्र खुद्द मर्लिनने लिहून दिलं. स्पर्धा आठ दिवसांवर होती. ही गोष्ट सांगायला तिला आवडत नाही, पण ती सांगते.

मागच्या नोव्हेंबरात, ओहोटीच्या वेळी, गावातली यशोदा खाडीत मांडीभर पाण्यात उभी राहून वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत होती. तिथे स्कूटर आणायची नाही असं ठरलेलं आहे. गंधारला मित्रांसमोर वळण घेऊन दाखवायचं होतं. वळण चुकलं, स्कूटर यशोदाच्या पायावर आली आणि हाड मोडलं. काठावर चहा पीत बसलेल्या मर्लिनने तशीच उडी टाकली, तिला ओढून वाळूवर आणलं. मान वर केली तर गंधार लाइफ जॅकेट काढून रिसॉर्टकडे चालत निघालेला. गाडी बोलावून यशोदाला आत घालेपर्यंत स्कूटरजवळ बाबू उभा होता, शेटकडे वीस वर्षं काम करणारा गडी, गळ्यापर्यंत मुद्दाम भिजलेला.

पोलिसांत नाव बाबूचं लागलं.

मर्लिन दोन दिवस गप्प राहिली. निवड चाचणी तीन आठवड्यांवर होती. दुसऱ्या दिवशी गंधारने शंभर मीटरला आपली आजवरची सगळ्यात चांगली वेळ दिली. तिला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून मग दिवसभर स्वतःची लाज वाटत राहिली.

तिसऱ्या दिवशी ती पेज घेऊन दवाखान्यात गेली. यशोदाने पेज घेतली, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "मी बघलंय तेका. तूय बघलंस. मगे बाबूचा नाव कित्याक?"

मर्लिन तिथून थेट टँकवर गेली. गंधारला बाजूला घेतलं आणि स्वतःहून जाऊन खरं सांग म्हणाली. तो रागावला नाही की घाबरला नाही. त्याला खरंच कळेना की अडचण कुठे आहे. बाबूकाकांनीच स्वतःवर घेतलंय, पप्पांनी सगळं बघितलंय, एवढंच तो सांगत राहिला. तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग आला. तिने दिलेलं पत्रही त्याने असंच घेतलं होतं.

जयराम शेटनी तिला खुर्ची दिली, सरबत दिलं. "टीचर, पोरगो तुमचोच आसा. तेचा वाटोळा करतलात?"

"माझो म्हणानच सांगतंय," ती म्हणाली. सरबत तिने तसंच ठेवलं.

पोलीस ठाण्यातले साहेब प्रमाण मराठीत फार गोड बोलले. मुलगा राज्याचा खेळाडू आहे, उद्या खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागेल, आता डाग लागला तर आयुष्यभर राहील. मॅडमनी घरी जाऊन नीट विचार करावा. मॅडमनी विचार तिथेच बसून केला. साहेबांनी तीनदा चहा मागवला. चौथ्या खेपेला तिने साखर कमी घालायला सांगितलं, तेव्हा साहेबांनी उसासा टाकून कागद पुढे ओढला. जबाबाच्या शेवटी शाळेच्या त्या खोट्या पत्राचंही लिहून घ्यायला तिने लावलं.

टँकवरचं तिचं काम त्याच संध्याकाळी गेलं. गंधार पणजीच्या एका प्रशिक्षकाकडे गेला, राज्य स्पर्धेत तिसरा आला, आणि वळणावर नवा फ्लेक्स लागला. बाबूचं नाव गुन्ह्यातून निघालं, पण नोकरीही गेली. तो मर्लिनवर भडकला. आपल्याला सोडवा असं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आता तो मेव्हण्याच्या होडीवर आहे आणि ती समोर आली की समुद्राकडे बघतो. तिला ते लागतं. त्याचं चुकलं असं ती म्हणत नाही.

गंधारला बाल न्याय मंडळाने तीन महिने दर रविवारी दवाखान्यात सेवा करायला सांगितलं. पहिले दोन रविवार तो गेलाच नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई नम्रता यांनी तसं वर कळवलं, तेव्हा तिसऱ्या रविवारी आला. यशोदा पायाच्या व्यायामाला तिथेच यायची. एकदा त्याने खाली बघतच विचारलं, दुखतं का. चढावावर दुखतं, ती म्हणाली. तो बराच वेळ तिथेच उभा राहिला, असं तिने मर्लिनला सांगितलं.

या एप्रिलपासून मर्लिन खाडीत शिकवते, टँकशिवाय. तिसऱ्या काढणाऱ्या नऊ बायका येतात. जन्म पाण्यात गेला, पण पोहता एकीलाही येत नव्हतं. गेल्या आठवड्यात यशोदा पहिल्यांदा उताणी तरंगली, डोळे घट्ट मिटून, आणि एवढी खूश झाली की उठायलाच तयार होईना. भरती चढत होती. मर्लिन तिच्या मानेखाली हात धरून उभी राहिली आणि बाकीच्यांना ओरडून सांगत राहिली की पाय मारा, गप्पा मागाहून.