मीठबाई

मीठबाई माणसाचा चेहरा नंतर पाहत. आधी गळा पाहत. पोलादपूरच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. महाडच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहीत बसे, तेथे त्या प्रथम आल्या, तेव्हाही त्यांनी नमस्काराआधी माझी मान न्याहाळली आणि "ठीक हाय" असा निर्वाळा दिला. माझे शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलशी अडले असले, तरी मसुद्याच्या बाबतीत वकीलमंडळीही माझा सल्ला घेत. माझ्याशी असे कोणी वागत नसे. तरीही त्यांचा राग आला नाही.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत तेव्हा पुष्कळ बायकांच्या गळ्याला गाठ असे. लोक पाण्याला दोष देत. मीठबाईंचे म्हणणे निराळे होते. समुद्राच्या मासळीत असते ते आयोडीन डोंगरातल्या माणसांच्या पोटात जात नाही. म्हणून गळा सुजतो आणि पोटातल्या मुलाचे कान अधू राहतात. म्हणून त्या गरोदर बायकांसाठी पिशवीभर सुकट घेऊन डोंगर चढत.

"बाय, तू आलीस की आधी मांजरांना कळतं गो," एक म्हातारी त्यांना चिडवी.

"मांजराचा गळा बघ, कसा सरळ हाय! नायतर तुझा!"

माझी धाकटी बहीण यमू त्यांतल्याच एका वाडीत दिलेली. तिचा गळा भरलेला, थोरला मुलगा जन्मतः बहिरा. तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा मीठबाईंनी मुंबईच्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडून आयोडीन लावलेल्या मिठाची दोन पोती मागवली. विनंतीपत्र माझ्या हातचे होते. पोती आल्यावर घरोघर द्यायच्या सूचनेचा कागदही त्यांनी मलाच लिहायला सांगितला.

"पहिलं वाक्य लिवा. हे मीठ धुवायचं नाय."

आमच्याकडे खडेमीठ आणले की बायका ते दोन-तीन पाण्यांतून काढतात, म्हणजे माती जाते. या मिठाचे आयोडीन मात्र पहिल्याच पाण्याबरोबर जाणार होते. हे त्यांनी मला नीट समजावले होते. परंतु आरोग्यविषयक कागदाच्या आरंभी 'धुवायचे नाही' असे यावे, हे मला अशोभनीय वाटले. त्या गेल्यावर मी ते वाक्य गाळले आणि तेथे लिहिले: "सदर मिठाचा वापर सर्व कुटुंबीयांनी स्वच्छतापूर्वक करावा." सर्व प्रती सुवाच्य अक्षरांत केल्या. वाडीत गुरुजींनी कागद मोठ्याने वाचून दाखवला.

सातव्या महिन्यात मीठबाई यमूच्या चुलीशी गेल्या. यमू मीठ धूत होती.

"दादानं लिवलंय ना, स्वच्छ वापरा म्हणून," ती अभिमानाने म्हणाली. "मी चार पाण्यांनी धुते."

दुसऱ्या दिवशी मीठबाईंनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. यमूचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मग म्हणाल्या, "अक्षर बाकी सुरेख हाय तुमचं." एवढेच. पुढचे दोन महिने त्या उरलेले मीठ घेऊन दर आठवड्याला डोंगर चढल्या.

यमूला मुलगी झाली. ती सहा महिन्यांची असताना मीठबाईंनी तिच्या पाठीमागे पितळेचे ताट जमिनीवर टाकले. मुलीने मान वळवली नाही. मी दारात उभा होतो. मला काही वाटले नाही. ताट बराच वेळ थरथरत होते, तेवढे दिसले.

बाहेर आल्यावर मी विचारले, "मीठ धुतलं नसतं, तर हिला ऐकू आलं असतं का?"

"छातीठोक सांगता येत नाय," त्या म्हणाल्या. "पण म्हणून तुम्ही सुटलात, असंही नाय."

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. एस.टी.च्या खिडकीतून त्या म्हणाल्या, "यमूला मी काय बोलले नाय. भाऊ तुम्ही. तुम्हीच सांगा." गाडी गेली. त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत. समोरचा माणूस सांगेल ते वाक्य मी आता बदलत नाही.

यमू वर्षातून एकदा मुलीला घेऊन महाडला येते. मुलगी ओठांवरून शब्द ओळखू लागली आहे. मी काही बोलेन असे वाटले, की ती समोर येऊन बसते.

"काय म्हणत होतास, दादा?" यमू विचारते.

मी तिला परतीच्या गाडीची वेळ सांगतो.