प्रज्ञाने आखलेली पाचवी वाट

प्रज्ञाच्या भावाचा, विनायकचा, फोन आला तेव्हा मी परतवाड्याच्या बसमध्ये होते. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला. प्रज्ञा आजारी आहे हे ठाऊक होतं, तरी ते ऐकायची तयारी नव्हती.

अमरावतीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. ती बार्शीटाकळीची, वडील एसटीत कंडक्टर. मी पुढे मराठी शिकवू लागले; ती दिल्लीच्या एका संशोधन संस्थेत गेली. देशाने कोळसा किती काळ जाळला, सौर वीज किती वेगाने वाढवली, तर आपल्या नातवंडांच्या काळात हवेत किती कार्बन साठलेला असेल, याच्या वेगवेगळ्या वाटा ती गणिताने आखायची. त्या समोर ठेवून सरकारने दूरचं धोरण ठरवावं, असं ते काम. "म्हणजे भविष्य सांगतेस तू!" मी चिडवलं होतं. "नाई वं," ती हसली, "जोतिषाजवळ एकच भविष्य रायते. माह्याजवळ चार आहेत, निवडा तुमी."

त्या चारांतली सगळ्यात स्वच्छ वाट तिच्याच घरात येऊन अडली. धाकटा भाऊ विनायक कोळशावरच्या वीज केंद्रात नोकरीला होता, आणि त्या वाटेवर असली जुनी केंद्रं लवकर बंद होत होती. तिने ते लपवलं नाही. सुटीत घरी आल्यावर जेवताना स्वतःच सांगितलं. विनायकने ताट बाजूला सारलं. "ताई, तू माह्याच पोटावर पाय देऊन राहिली?"

दुसऱ्या दिवशी ती हट्टाने त्याच्याबरोबर केंद्राच्या वसाहतीत गेली. मीही होते. कामगार तिच्यावर भडकले. एक जण म्हणाला, "बंद कराचं त करा, पण तुमच्या हिशेबात आमी कुठं हाओ?" प्रज्ञा म्हणाली, "कुठंच नाई. तुमचं बरोबर आहे."

दिल्लीला परतून तिने पाचवी वाट आखली. केंद्र बंद होणारच, पण टप्प्याटप्प्याने. त्याआधी त्याच जागेवर सौर वीज आणि ती साठवण्याचं काम सुरू करायचं, माणसांना ते शिकवायचं. यात सगळ्यात स्वच्छ वाटेपेक्षा हवेत कार्बन थोडा जास्त जात होता, तेही तिने स्पष्ट लिहिलं. वरिष्ठांना हे पटेना. नोकऱ्या हा आपला विषय नाही, म्हणाले. "मग अहवालावरून माझं नाव काढा," तिने सांगितलं. कित्येक आठवडे ताणाताणी चालली. शेवटी एका संध्याकाळी तिचा फोन आला, रडते आहे की हसते आहे कळेना. "घेतली वं... पाचवी घेतली त्याईनं!"

पुढे सरकारनेही तीच वाट धरली; विनायकचं केंद्र अजून सुरू आहे, पण आवारात सौर प्रकल्प उभा राहतो आहे. ताईवरचा राग निवळला, तसा तो सौर प्रकल्पाचं काम शिकला. आता तेच इतरांना शिकवतो.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघांनी तिची अमरावतीची खोली उघडली; दिल्लीहून आली की ती तिथेच काम करत बसायची. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर रंगीत रेघा तशाच होत्या. मला त्यातलं काही उमगेना. विनायक जवळ गेला.

"सुनंदाताई, हे पाहा. बाकीच्या कशा धाडकन पडतात, नाईतर वरच जातात. हे पाचवी हळूहळू उतरते. या उतारावरून तिनं आमाले एकेकाले हात धरून खाली आणलं... कोनालेच ढकललं नाई."

शाई पुसली जाऊ नये म्हणून बोट फळ्यापासून किंचित लांब धरून तो ती रेघ शेवटपर्यंत दाखवत राहिला.