डाव्या कानाचे उंदीर

दयाराम गेला त्याला आज नऊ दिवस झाले. वय सत्तावीस.

आमचं गाव धरमतरच्या खाडीवर, मिठागरांचं. दयाराम मात्र मुंबईला एका प्रयोगशाळेत उंदरांची निगा राखायचा. सुट्टीत आला की माझ्या ओटीवर बसायचा, मी बीए झालो म्हणून चिडवायचा.

"अरे बीए, तुझ्या कवितांत मोर येतात, हंस येतात. उंदीर कधी येनार?"

उंदरांचं तो मन लावून सांगायचा. तिथं त्यांना देवीसारखा एक रोग टोचत. पाय सुजत, मग ते मरत. त्यावर एक नवं औषध आलं होतं. ज्यांना रोग टोचला त्याच दिवशी ते मिळालं, त्यांच्या डाव्या कानाला दयारामनं खाच पाडली. ज्यांना दोन दिवसांनी मिळालं, त्यांच्या उजव्या. डावे आजारी पडलेच नाहीत. उजवे थोडे सुजले, बरे झाले. दीड महिन्यानं सगळ्यांना तोच रोग पुन्हा टोचला, या वेळी औषधाविना. उजवे जगले. डाव्यांतले निम्मे मेले.

"औषधानं रोग इतक्या लवकर दाबला का अंगाला तो कळलाच न्हाय," दयाराम म्हणाला. "मेलेले मीच उचलले."

गेल्या माघात, १९६४ सालीच, त्याच्या मुंबईच्या खोलीतल्या सोबत्याला देवी आल्या. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी दयारामला त्याच दिवशी तेच औषध सुरू केलं. एक दिवस ताप, कपाळावर दोन फोड. संपलं.

तो गावी आला तेव्हा त्याच्या आईनं, वेणूबाईनं, देवीची ओटी भरली. माउली आली नि हसून गेली, असं गावभर सांगितलं. आमच्याकडे ज्याला देवी येऊन गेल्या, त्यानंच देवीच्या आजाऱ्याची सेवा करायची असते.

वैशाखात शेजारच्या ठमाबाईच्या नातीला, रतनला, देवी आल्या. टोचणारा डॉक्टर लाँचनं आला. देवळापुढं रांग लागली. दयारामही उभा राहिला.

"तू कशाला रं?" वेणूबाई म्हणाली. "माउली येऊन गेली, आता सुई घेनार? तिला काय वाटंल?"

मी त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "दयाराम, तू डाव्या कानाचा."

तो हसला. "व्हय. पन आयसमोर नको. उद्या पेणला जाऊन टोचून घेतो."

रांगेतून तो बाहेर पडला. मीही पुढं काही बोललो नाही.

त्याच दुपारी ठमाबाईनं त्याला हाक मारली. म्हातारीला दिसत नाही. पोरीला पाणी पाजायला कोणी नव्हतं. दयाराम आत गेला तो पंधरा दिवस तिथंच. पेण राहिलं.

रतन उठून बसली, त्या दिवशी दयारामला ताप भरला. या वेळी फोड मोजता आले नाहीत.

काल वेणूबाई माझ्या ओटीवर येऊन बसली.

"तू शिकलेला. देवी दोनदा येते का रं?"

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं तो बाजूला सारला.

"त्याला ठाव व्हतं?"

"नाही, काकी," मी म्हणालो. "त्याला ठाऊक नव्हतं."