डाळिंबी नखं

"आत्या, आधी ती ब्लेड खाली ठेवा!"

"ठेवत न्हाय. तुझं ते तास तास चालतंय. मी दोन मिंटात खरवडून टाकते."

"खरवडा की. अंगठ्याचा पापुद्रा निघालाय तो बघा. उद्या गरम पाण्यात पीठ मळताना आठवण येईल माझी."

तानाबाईंनी अंगठा डोळ्यांजवळ नेला. रंगाबरोबर नखाचाही पातळ थर सोलून आला होता आणि खालचं मांस गुलाबी दिसत होतं. हुळहुळत होतं, पण सुनेसमोर तसं म्हणायची सोय नव्हती.

"मी तर आधीच सांगितलं होतं," बाजेवरून त्यांच्या नवऱ्यानं, सिद्धाप्पांनी, तोंड घातलं. "ह्या वयात असली थेरं..."

"तुमाला कुणी इचारलं?" सासू-सून दोघी एकदमच म्हणाल्या. सिद्धाप्पांनी पेपर वर धरला.

भांडणाचं मूळ सुनेच्या, सृष्टीच्या, दिव्यात होतं. नवी पेठेतून तिनं जेल पॉलिशचं सामान आणलं होतं: बाटल्या, कानशी आणि रंग पक्का करायला हात आत ठेवायचा निळसर उजेडाचा दिवा. शेजारच्या मुलींची नखं ती घरीच करून द्यायची. गेल्या आठवड्यात तानाबाई बहिणीच्या नातीच्या लग्नाला दुधनीला निघाल्या, तेव्हा सुनेनं त्यांना पकडून बसवलं आणि दहाही नखं डाळिंबी केली. नको नको म्हणत त्यांनी हात पुढे केला होता, हे मात्र खरं.

सात रस्त्याजवळच्या गुरुशांतच्या खाणावळीत तानाबाई गेली चोवीस वर्षं ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. सकाळी सत्तर, संध्याकाळी पन्नास. पापुद्रा सुटलेली, चंद्रासारखी गोल. त्यांच्या हाताची भाकरी म्हणून लोक पत्ता विचारत यायचे. आज सकाळी गुरुशांतचा फोन आला होता. "मावशी, उद्यापासून येताय न्हवं? पण नखाला रंग लावलाय म्हणं. तेवढा काढून या. भाकरीत एक कपचा निघाला तर गिऱ्हाईक ताट ढकलून जातंय."

त्याचं चुकलं नव्हतं. चुकलं नव्हतं म्हणूनच तानाबाईंना जास्त राग आला होता, आणि तो ब्लेडनं नखांवर निघाला होता.

कारण दुधनीला एक गंमत घडली होती, ती त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती. आजवर नात्यातल्या कुठल्याही लग्नात त्या पोचल्या की पहिला शब्द ठरलेला असायचा, "तानाबाई आली, आता भाकरीची काळजी मिटली." पिशवी ठेवायच्या आत परात पुढे यायची. या वेळी बहिणीनं त्यांचे हात बघितले, परात उचलली आणि मुकाट्यानं दुसरीकडे नेऊन ठेवली. तीन दिवस त्यांना कुणी चुलीपुढं बसवलं नाही. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून त्यांनी अख्खं लग्न पाहिलं. अक्षता पडताना नवरीच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसलं. इतक्या लग्नांत नवरीचा चेहरा त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिला होता.

आणि आता रंग जाणार होता.

"आणा हात इकडं," सृष्टी पाट घेऊन समोर बसली. भांडण तिच्या बाजूनं संपलं होतं. "काढायचंच आहे तर नीट काढू. ओढून काढलं की नख सोलतं. भिजवून काढलं की आपोआप सुटतं."

तिनं खिडकी उघडली, देव्हाऱ्यातलं निरांजन विझवलं आणि कानशीनं नखांवरची चकाकी घासून काढली. मग कापसाचे बोळे रंग सोडवणाऱ्या असिटोनमध्ये बुडवून एकेका नखावर ठेवले आणि वर चांदीसारख्या कागदाचे तुकडे गुंडाळले. खाणावळीत पार्सलच्या भाकरीला गुंडाळतात तोच कागद. वास नाकात चढला. सोललेल्या अंगठ्याला मात्र तिनं ते असिटोन लावलंच नाही. "ह्याचा उरलेला रंग बाजूबाजूनं कानशीनंच काढते. उद्या ह्याला पट्टी आणि वर हातमोजा."

"हातमोजा घालून भाकरी थापू?"

"मग चार दिवस जाऊ नका."

"चार दिवस! वेड लागलंय व्हय तुला?"

"पंधरा मिनिटं हलायचं नाही," सृष्टी म्हणाली.

नऊ बोटांना नऊ टोपडी घालून तानाबाई भिंतीला टेकून बसल्या. नाकावर माशी बसली, ती हाकलता येईना. पदर घसरला, तो सुनेनं सावरला. कपाळाला खाज सुटली.

"चहा तरी टाका की," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

सिद्धाप्पा काडेपेटी घेऊन उठले तशी सृष्टी ओरडली, "मामा, गॅस नको! हे औषध पेट घेतंय!"

मग सिद्धाप्पांनी चप्पल घातली, कोपऱ्यावरच्या टपरीवरून पिशवीतून चहा आणला, कपात ओतला आणि बायकोसमोर उकिडवे बसून तिच्या तोंडाला लावला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. असा प्रसंग पहिलाच.

"फुंकर घाला. भाजतंय."

"आता फुंकर बी मीच घालू?"

"मग? माझे हात कुटं हायत?"

त्यांनी फुंकर घातली. दुसऱ्या घोटाला ते कुरकुरले, "तुला आज जुंपलं न्हाय म्हणून मला जुंपलं की गं."

सृष्टी खुदकन हसली. तानाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना वडील आठवले. दुधनीला त्यांच्याकडे दोन बैल होते. पेरणी अंगावर आलेली असो, पाऊस डोक्यावर असो, सोमवारी वडील बैलांच्या मानेवर जू ठेवत नसत. बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा, वार. बैल गोठ्यात रवंथ करत उभे, आणि आई मात्र सोमवारीही दोन पायल्यांच्या भाकऱ्या थापत बसलेली. यात काही चुकतंय असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं. आईलाही नाही. आजवर तानाबाईंनाही नाही.

कागद निघाले. डाळिंबी रंग मऊ सायीसारखा वर आला होता. सृष्टीनं लाकडी काडीनं तो हलकेच ढकलला आणि खालून तानाबाईंची जुनीच नखं बाहेर आली, जराशी कोरडी, पांढुरकी. तिनं त्यांवर खोबरेल तेल चोळलं, अंगठ्याला पट्टी बांधली.

"झालं. पुन्हा लावायचं असलं तर महिनाभर तरी नखांना सोडा हं. सारखं जेल लावलं तर नखं कागदासारखी होतात."

"रंगाचं बघू मागनं," तानाबाई म्हणाल्या. त्यांनी फोन लावायला सांगितला आणि तो सुनेलाच कानाशी धरायला लावला. "गुरुशांत, मी तानामावशी. रंग काढला, पण अंगठा दुखावलाय. शुक्रवारी येते. तवर तुझ्या बहिणीला बसव... व्हय, मला म्हाईत हाय तिच्या भाकरीला कडा चिरतात. चिरू दे."

फोन बंद झाला. सिद्धाप्पा रिकामा कप ठेवायला उठले.

"आणि दोघंबी नीट ऐका," तानाबाई म्हणाल्या. "आपला लेक शरणबसव कामावरनं आला की त्यालाबी सांगा. हितनं पुढं सोमवारी मी भाकरी करणार न्हाय. खाणावळीत न्हाय, आन ह्या घरातबी न्हाय."