भज्यांचा अंदाज

हवामान खात्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. आम्ही अंदाज द्यायचा आणि अख्ख्या इंदूरनं हसायचं, एवढं पुरतं!

आमचे वानखेडे साहेब महूचे. आजोबा, वडील फौजेत, त्यामुळे शिस्त कडक. पण आमच्या जेवणाची सुट्टी व्हायची समोरच्या मिलच्या भोंग्यावर. मिल बंद पडली त्या दिवशी आम्ही डबे समोर ठेवून बसूनच राहिलो. साहेब केबिनमधून ओरडले, "अरे, भिंतीवर तीन घड्याळं आहेत, दिसत नाहीत?"

डबा त्यांनीही उघडला नव्हता!

*

त्याच मिलमधल्या गणपतभियाची (इंदुरात भाऊला भियाच म्हणतात) नोकरी गेली. आम्हाला फार वाईट वाटलं. त्यानं आमच्या गेटवर भज्यांची गाडी लावली. पाऊस आला तर भजी खपणार, नाही तर भिजवलेलं बेसन फुकट. घर त्यावरच चालायचं. रोज सकाळी विचारायचा, "साहेब, आज किती भिजवू?"

एकदा साहेब म्हणाले, "भरपूर!" दिवसभर कडकडीत ऊन. संध्याकाळी साहेबांनी सगळा स्टाफ गाडीवर उभा केला. "अंदाज आपला, तर भजीही आपणच खायची!" दुसऱ्या दिवशी अर्धं ऑफिस रजेवर.

*

मग साहेब सावध झाले. "काही ठिकाणी तुरळक पाऊस," असं सांगू लागले.

गणपतभिया वैतागला. "काही ठिकाणी म्हणजे कुठे, भिया? तुमचा पाऊस तिकडे लांब बेटमा गावात पडला तरी तुम्ही पास. माझी गाडी तो एकच जगह खडी आहे ना!"

साहेब आत जाऊन बराच वेळ नकाशा बघत बसले.

*

पुढे साहेब चढत चढत दिल्लीला खात्याचे प्रमुख झाले. कुणी मोघम अंदाज समोर ठेवला की समासात लिहायचे, "गाडी कुठे उभी आहे?" तिथले शास्त्रज्ञ म्हणे हा प्रश्न पुस्तकांत शोधायचे.

*

प्रमुख म्हणून साहेब इंदूरला आले, नव्या कॉम्प्युटरच्या उद्घाटनाला. पेपरवाल्यांना छाती फुगवून म्हणाले, "आज दुपारनंतर इंदुरात दमदार पाऊस. शंभर टक्के!" टाळ्या पडल्या.

गेटवर गणपतभिया, केस पांढरे, बेसनाचा डबा हातात. "साहेब, आता तर तुम्ही पूरे देशाचे साहेब. सांगा, पाच किलो भिजवू?"

साहेबांनी आभाळाकडे पाहिलं. मागे वळून पेपरवाले लांब आहेत ना, ते पाहिलं. मग त्याच्या कानाशी वाकले.

"एकच किलो भिजव, भिया. त्या पेपरवाल्यांचं बेसन थोडंच बिघडणार आहे!"