नामगुंग साहेबांना दिलेलं मत

डिसेंबर लागला की सोलजिन बंदरावरच्या बायका पत्र्याच्या शेडमध्ये शेगडीभोवती बसून गळांना आमिष लावतात. माकरे हे काम लग्न होऊन आल्यापासून करत होती आणि आता तिची बोटं मनाला न विचारताच चालायची. ते एक बरंच होतं म्हणायचं. मनाला विचारायला गेलं असतं तर त्या वर्षी तिच्या हातून एकही टोपली भरली नसती, कारण मनात सकाळ-संध्याकाळ एकच माणूस ठाण मांडून बसला होता, आणि तो म्हणजे नामगुंग.

नामगुंग राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता. त्याच्या प्रचाराचा ट्रक धक्क्यावर यायचा आणि अगदी शेडच्या तोंडाशी उभा राहायचा. हिरव्या जॅकेटातल्या चार पोरी बोचऱ्या वाऱ्यात नाचायच्या आणि वर कर्णा ठणाणा करायचा. नामगुंग शेजारच्याच गावात जन्मलेला, म्हणजे आपला माणूस. सोलजिनला एवढं पुरे होतं. तो जन्मल्यावर पुढे काय काय करत गेला, याची चौकशी करायला कुणाला फुरसत नव्हती.

"आपल्या किनाऱ्यावरनं आजवर साधा मंत्री कुणी झाला नाही," ओकबुन म्हणाली. ओकबुन वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून शेगडीजवळची जागा तिची आणि शेवटचा शब्दही तिचाच. "आणि हा एकदम राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालाय. बंधारा बांधून देणार म्हणतो."

"बंधारा मागच्यानंही दिला होता की," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "भाषणात दिला होता. तोच आपण दहा वर्षं वापरतोय."

बायका हसल्या. माकरे हसली नाही, तशी ओकबुन तिच्याकडे वळली.

"मीरानची आई, तू काय तोंड शिवून बसलीस? दात दुखतोय का?"

"दात राहिलेत कुठे दुखायला."

ओकबुनने शेगडीतलं एक रताळं काढलं, फुंकर मारून अर्धं केलं आणि मोठा तुकडा माकरेच्या हातात दिला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ते जुनं झालं गं आता. त्याच्या तरी लक्षात असेल का? केवढा लहान होता तो तेव्हा."

माकरेने रताळं खाल्लं. ओकबुनशी वाद घालणं तिला जड जायचं. ज्या वर्षांत गावातलं कुणी माकरेच्या सावलीला उभं राहत नव्हतं, तेव्हा हीच बाई तिच्या दारात गळांची टोपली ठेवून निघून जायची आणि संध्याकाळी उचलायला यायची. तिच्यावर रागवायचं तरी कसं?

ते जुनं म्हणजे असं होतं. माकरेचा नवरा हाम तरुणपणी धुक्यात बोट भरकटून सीमेपलीकडच्या, शत्रू मानलेल्या उत्तरेच्या देशाच्या हद्दीत गेला. तिकडच्या लोकांनी पकडून वर्षभर ठेवून घेतलं आणि मग सोडलं. परत आल्यावर इकडच्यांनी विचारपूस केली आणि त्यांनीही सोडलं. पुढे लग्न झालं, मुलगी मीरान झाली, सगळं सुरळीत चाललंय म्हणता म्हणता हाम एकदा दारूच्या दुकानात बोलून गेला की तिकडचे बटाटे चवीला चांगले होते. झालं. त्या बटाट्यांपायी तो हेर ठरला. चौकशीच्या खोलीत त्याला काय काय केलं ते त्याने बायकोला कधी सांगितलं नाही, पण परत आल्यावर त्याला डाव्या हाताने वाडगा धरता येत नव्हता.

खटल्याच्या वेळी तीन न्यायाधीश बसले होते. मधला म्हातारा तेवढा बोलत होता. डाव्या कडेचा अगदी कोवळा होता, कपाळावरच्या पुटकुळ्यासुद्धा गेल्या नव्हत्या, आणि तो पूर्ण वेळ समोरच्या कागदात डोकं घालून होता. माकरे मागच्या बाकावर मीरानला पाठीला बांधून बसली होती. हाम उभा राहून म्हणाला, "मी हे मारामुळे कबूल केलं." नेमकी तेव्हाच मीरान रडायला लागली. कोवळ्या न्यायाधीशाने मान वर केली, पोरीकडे पाहिलं, माकरेकडे पाहिलं आणि परत कागदात डोकं घातलं. सात वर्षांची शिक्षा झाली. आता तेच डोकं, केस काळे करून आणि गाल भरून, नामगुंगच्या फलकांतून धक्क्यावरच्या प्रत्येक खांबावर हसत होतं.

हे सगळं माकरेने गिळलंही असतं. आयुष्यात तिने याहून मोठ्या गोष्टी गिळल्या होत्या. पण मीरानने शहरात एक वकील गाठून बापाचा खटला पुन्हा चालवावा असा अर्ज केला होता. अशा दोन-चार जुन्या मच्छीमारांना कोर्टाने निर्दोष सोडल्याची बातमी आली होती, आणि हामचा नंबर वसंतात लागेल असं वकील म्हणत होता. अशात टीव्हीवरच्या वादसभेत नामगुंगला कुणीतरी जुन्या खटल्यांबद्दल विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलली नाही. "गाडलेली मढी उकरून देशाचं पोट भरत नाही," तो म्हणाला. "मी आलो की हे प्रकार बंद."

माकरे त्या वेळी कोबी चिरत होती. त्या मढ्यांतलं एक, हाम, तिच्या शेजारी बसून नखं कापत होतं.

त्या दिवसापासून दोन भीती तिच्या मागे लागल्या. खटला बंद होईल, ही एक भीती. दुसरी भीती तिने मीरानलाही सांगितली नव्हती. कांग साहेब परत येईल. कांग हा हामवर पाळत ठेवणारा पोलीस. हाम सुटून आल्यावर तो महिन्या-महिन्याला घरी यायचा, चुलीजवळची उबदार जागा पकडून दारू प्यायचा, पोरीच्या दप्तरात हात घालायचा आणि जाताना सुकवलेले मासे घेऊन जायचा. तो कधीच निवृत्त झाला, बहुधा मेलाही असेल. पण नामगुंग आला तर नवा कांग यायला कितीसा वेळ लागणार? आणि आता चुलीजवळची जागा सोडून उठायचं बळ माकरेच्या गुडघ्यांत नव्हतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हाम उंबऱ्याशी बसून बूट पुसत होता.

"उद्या जाऊ नका," माकरे म्हणाली. "खोकला आहेच. झोपून राहा."

"न जाऊन कसं चालेल? जे जात नाहीत तेच आधी डोळ्यांवर येतात."

"कुणाच्या?"

हाम बुटाची टाच पुसत राहिला.

"बरं, जा. पण मत कुणाला देणार?"

"नामगुंग साहेबांना."

माकरेच्या हातातली पळी तशीच राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसावर ती फार वेळा ओरडली नव्हती. ओरडलं की तो दोन्ही हातांनी डोकं झाकायचा, म्हणून तिने कानाला खडाच लावला होता. ती हळू आवाजात म्हणाली, "ज्याने तुम्हाला आत घातलं त्याला?"

"म्हणूनच तर. उद्या तोच खुर्चीत बसणार. आपण दिलं नाही असं कळलं म्हणजे?"

"कसं कळेल? शिक्का पडद्याआड मारायचा असतो. कागदावर नाव नसतं आपलं."

"कळतं त्यांना," हाम म्हणाला, समजूत घातल्यासारखा. "तुला नाही माहीत. त्यांना कळतं."

तिने पळी पातेल्यात ठेवली आणि वाडगे मांडले. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं, आणि जिंकून तरी मिळायचं काय होतं?

एरवी माकरे पहाटे शेडवर जाण्याआधी मत देऊन मोकळी व्हायची आणि हाम दुपारी एकटाच जायचा. या वेळी ती थांबली. वाटेत बोलून पाहू, दारापर्यंत तरी सांगून पाहू, असा तिचा बेत होता. पण वाटेत बर्फाचा चिखल होता, हामचा कोपर धरून चालण्यातच तिचा दम गेला, आणि बोलायचं ते राहून गेलं. रांगेत ओकबुन होती, गावप्रमुख होता, अर्धं सोलजिन होतं. सगळे उत्साहात होते. गावात लग्न असावं तसे नटून आले होते.

मतदान शाळेच्या खेळघरात होतं. माकरेला कागद मिळेपर्यंत हाम पडद्याआड गेलाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातल्या कागदाला घडी नव्हती. तो कागद त्याने दोन्ही तळहातांवर उघडा धरला होता, पितरांपुढे पेला धरावा तसा, आणि मतपेटी सोडून तो सरळ टेबलाकडे गेला. टेबलापाशी एक तरुण शिक्षिका अधिकारी म्हणून बसली होती. हाम तिच्यासमोर कमरेत वाकला.

"बघून घ्या साहेब."

"आजोबा, घडी घाला ना. दाखवायचं नसतं ते."

हामला वाटलं तिला नीट दिसलं नाही. त्याने कागद आणखी पुढे केला. "बघा. नामगुंग साहेबांनाच आहे. शिक्का चौकटीच्या आत आहे."

भिंतीकडेने बसलेले पक्षांचे लोक उठून उभे राहिले. मुख्य अधिकारी आला, त्याने कागद काढून घेतला आणि त्यावर रद्दचा शिक्का मारला. नियमच तसा होता. दाखवलेलं मत बाद. शाळेचा म्हातारा कारकून दर निवडणुकीला तिथे कामाला असायचा. तो माकरेजवळ आला आणि कानाशी म्हणाला, "यांचं दर वेळी असंच असतं हो. आम्ही सांगून थकलो. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

माकरेला माहीत नव्हतं. कांग साहेब पूर्वी मतदानाच्या दारात उभा राहायचा आणि हामचा कागद बघायचा, हे तिला माहीत होतं. पण कांग दारातून गेला त्याला जमाना लोटला. मध्ये राज्यं आली आणि गेली. ज्या वर्षी जुनी राजवट मतांनी हरली आणि लोक रस्त्यात गळ्यात पडून रडले, त्या वर्षी तीही रडली होती, आणि हामनेही आपल्यासारखंच मत दिलं असेल असं धरून चालली होती. त्या वर्षीही हा माणूस असाच हातांवर कागद घेऊन वाकून उभा राहिला होता. कांग दारातून गेल्यापासून त्याचं एकही मत पेटीत जाऊन मोजलं गेलं नव्हतं. तिला त्या कारकुनाचा राग आला, कांगचा आला, हामचाही आला, आणि मग तो सगळा राग निघून गेला आणि तिला तिथेच जमिनीवर बसावंसं वाटलं.

"रद्द म्हणजे?" हाम विचारत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणजे त्यांना पोचणार नाही? दुसरा कागद द्या मला. मी मुद्दाम केलं असं वाटेल त्यांना."

"कुणाला काही वाटणार नाही आजोबा," शिक्षिका म्हणाली. बिचारी मनापासून बोलत होती. तिचा जन्मच त्या सगळ्यानंतरचा होता.

हामने माकरेचं मनगट धरलं. धड हाताने नाही, त्या अधू डाव्या हाताने धरलं. "तुझं आहे अजून. तू दे त्यांना. आपल्या घरातनं एक तरी जाऊ दे."

रांग थांबली होती. ओकबुन पाहत होती. माकरे पडद्याआड गेली.

आत शिक्का होता आणि नावं होती. काय करायचं ते तिने केव्हाच ठरवलं होतं. तरी शिक्का उचलल्यावर तिचा हात थांबला. खरंच कळत असलं तर? हा निवडून आला आणि सोलजिनमधून आपल्याला कोणी कोणी दिलं नाही ते त्याने काढायला लावलं तर? तिने पडद्याच्या फटीतून मागे पाहिलं. कोणी नव्हतं. छताकडे पाहिलं. तिथे पोरांनी अडकवलेला एक चेंडू होता. तेव्हा तिला कळलं की कांग साहेब फक्त हामच्या मनात राहत नव्हता. तिची तिलाच लाज वाटली, आणि त्या लाजेतच तिने शिक्का दुसऱ्या नावावर दाबला, चांगला जोर लावून. कागदाची घडी घातली, परत घडी घातली, शाई पुसली जाईल याचीही पर्वा केली नाही, आणि पेटीत टाकून बाहेर आली.

हाम दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता.

"दिलंस?"

"दिलं."

"त्यांनाच ना? नामगुंग साहेबांना?"

माकरे पोलिसांशी खोटं बोलली होती, शेजाऱ्यांशी बोलली होती, मीरानच्या शाळेत बोलली होती. हामशी मात्र ती कधी खोटं बोलली नव्हती. तुरुंगातल्या जाळीपलीकडे तो उभा असायचा तेव्हाही नाही, कारण त्याच्याशी खोटं बोलायला बाहेरचे पुष्कळ होते.

"त्यांनाच," ती म्हणाली.

हामने श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि कित्येक दिवसांनी तो हसल्यासारखा दिसला.

"मग आता कुणी येणार नाही."

"नाही येणार," माकरे म्हणाली. तो चिखलातून जपून पावलं टाकत पुढे निघाला, तेव्हा तिने एकदा मागे वळून रस्ता पाहून घेतला.