शटर अडकलं की लोक काय शोधतात

शेजारच्या गल्लीतल्या औषधवाल्याचं शटर अर्ध्यात अडकलं आणि त्याने ते दुसऱ्याच कोणाकडून दुरुस्त करून घेतलं, हे बाबांना चहाच्या टपरीवर कळलं. बाबांचं शटरच्या स्प्रिंगचं वर्कशॉप साकीनाक्याला, त्या दुकानापासून चालत दोन मिनिटांवर. गिरणीतली नोकरी सुटल्यावर त्यांनी हा धंदा सुरू केला आणि आज सत्तरी ओलांडली तरी रोज गाळ्यावर जातात. तो औषधवाला रोज सकाळी आमच्या दारावरून जायचा, बाबांना हात करायचा. बाबांनी त्याला सरळच विचारलं. तो ओशाळला. म्हणाला, "काका, घाई होती. फोनवर शोधलं, पहिला जो आला त्याला बोलावलं. तुमचं नाव आलंच नाही ना."

त्या दिवशी बाबा अर्ध्या जेवणावरून उठले. हात धुऊन आले आणि मला म्हणाले, "आपली वेबसाइट आसा ना गो? मग ती खय असता?"

वेबसाइट मीच केली होती, काही वर्षांपूर्वी, एका सुट्टीत. शटरचा एक फोटो, 'आमच्याविषयी', फोन नंबर. त्यानंतर मी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. अंधेरीच्या ऑफिसात माझी नोकरी चालू होती, आणि वेबसाइट आहे म्हणजे ती दिसतच असणार, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी शोधायला लागले. रिक्षात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत. कोणाचं कुठलं शटर, त्यांच्या पानावर काय लिहिलंय, त्यांनी फोटो किती लावलेत. मी शीर्षकं बदलली, पुन्हा बदलली. आणि आठवड्याभरात आम्ही पहिल्या नंबरावर आलो! मी ऑफिसातून बाबांना फोन केला. बाबांनी टपरीवर सगळ्यांना सांगितलं.

रविवारी मुलुंडला मोठ्या बहिणीकडे गेले आणि ऐटीत तिच्या फोनवर शोधून दाखवायला गेले. पहिल्या पानावर आम्ही नव्हतो. दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही.

बहीण म्हणाली, "अगं, तू दिवसातून पन्नास वेळा तेच उघडतेस. तुझ्या फोनला कळलंय तुला काय बघायचंय ते. तोच दाखवतोय तुला."

बाबांना काय सांगायचं, हा विचार परतीच्या बसमध्ये सुटेना. शेवटी सांगितलंच नाही.

त्याऐवजी मी एक माणूस गाठला. असली कामं करणारा, बोलण्यात पटाईत. "मॅडम, पंधरा दिवसांत वर आणतो, टेन्शन नको," म्हणाला. आणि खरंच आणलं. या वेळी बहिणीच्या फोनवर तपासलं. पण आमच्या पानावर 'मुंबईतील नंबर वन शटर' हे शब्द प्रत्येक दोन ओळींमागे होते, आणि खाली खूश झालेल्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय. त्यातलं एकही गिऱ्हाईक आमचं नव्हतं. मला ते पहिल्या नजरेतच कळलं होतं. मी गप्प बसले. आपण वर आहोत ना, मग झालं तर.

बाबांना चष्म्यातूनही फोनवरची अक्षरं दिसत नाहीत. एका शनिवारी गाळ्यात त्यांनी मला म्हटलं, "वाच बघू, लोकांनी काय लिवलाहा."

मी वाचायला लागले. "उत्तम सेवा. काचेचं ऑटोमॅटिक दार एका दिवसात बसवून दिलं."

बाबांच्या हातातला पाना थांबला. "काचेचा दार? आपण कधी बसवला?"

मी फोन उलटा ठेवला.

"ह्या कोणी लिवला?"

मी सांगितलं. सगळेच असं करतात, हेही सांगितलं. बाबा चिडले की मालवणी सोडून शाळेतल्यासारखं मराठी बोलतात. "काढून टाक," म्हणाले.

"बाबा, आपण परत खाली जाऊ."

"जाऊ दे. उद्या एखाद्याने काचेचं दार बसवायला बोलावलं तर तू जाणार आहेस का?"

काढलं. त्या माणसाशी वाद घालून अभिप्राय उतरवायला लावले, आणि पानावरचे नंबर वनचे शब्द मीच सगळीकडून पुसले. आम्ही पुन्हा कुठेच नव्हतो. मला एका जागी बसवेना. ऑफिसात कोणी काही विचारलं तर मी दचकायचे.

मग मी शनिवार-रविवार गाळ्यावरच काढायला लागले. काम काही नाही, नुसती फोनजवळ बसायचे. तिथे एक गोष्ट कानावर पडत होती, ती लक्षात यायला मला दोन आठवडे लागले. फोन करणारा कोणीच 'दर्जेदार उत्पादने' मागत नव्हता. लोक म्हणत, "शटर वर जात नाहीये." "शटर धाडकन खाली येतंय." "अर्ध्यात अडकलंय हो!" यातलं एक अक्षर माझ्या पानावर नव्हतं. मी वहीत प्रत्येकाचं पहिलं वाक्य लिहून घेऊ लागले, मराठी असो की हिंदी. फोनमधल्या नकाशावर पाहिलं तर आमची खूण नाक्याच्या पलीकडे, आम्ही आधी होतो त्या जुन्या गाळ्यावर पडत होती. वर्कशॉपचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं. तेही दुरुस्त केलं.

मग बाबांना विचारलं, "शटर अर्ध्यात अडकलं तर माणसाने पहिलं काय करायचं?"

"काय एक करूचा नाय," बाबा म्हणाले. "हात घालूचो नाय."

त्यांनी डावा हात पुढे केला. त्याची दोन बोटं टोकाशी तुटलेली आहेत. मी जन्मल्यापासून ती बघत आले आणि कधी नीट विचारलं नव्हतं. शटरच्या वरच्या डब्यात स्प्रिंग घड्याळातल्यासारखी गुंडाळलेली असते, पण पट्टी दोन बोटं रुंद. शटर अडकलं तरी ती ताणलेलीच राहते. धंद्यात नवीन असताना त्यांनी स्टुलावर चढून डब्यात हात घातला, आणि एक खटका सुटला. एवढंच सांगितलं त्यांनी. मी ते त्यांनी सांगितलं त्याच क्रमाने पानावर लिहिलं, वर शीर्षक दिलं: 'शटर अर्ध्यात अडकलं तर आधी काय करू नये'. खाली तेच हिंदीत.

आठवडे गेले, काही घडलं नाही. मग एका शनिवारी सकाळी फोन आला. मुलुंडहून एक बाई, त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान. आवाज घाबरलेला. "तुमचं पान वाचलं. माझे मिस्टर स्टुलावर चढले होते, त्यांना खाली उतरवलंय. आता काय करू?"

बाबांनी फोन हातात घेतला. शटरखाली दोन्ही बाजूंना विटांचा टेकू लावा, खालून कोणाला जाऊ देऊ नका, असं समजावत राहिले. शेवटी म्हणाले, "मला यायला उशीर होईल, ताई. तिथलाच जवळचा माणूस बोलवा. तो आला की हे हे विचारा."

त्यांनी फोन ठेवला आणि मी भडकले. "बाबा, इतके महिने मी यासाठी जीव काढतेय! आणि आलेलं गिऱ्हाईक तुम्ही परत पाठवलंत?"

"तिचो नवरो थयसर हात घालूक गेल्लो गो," बाबा म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

ते मला पटलं. राग मात्र दुपारपर्यंत गेला नाही, खोटं कशाला सांगू.

दोन दिवसांनी त्या बाईंनी अभिप्राय लिहिला. 'हे काका आले नाहीत, पण आमच्या घरच्या माणसाचा हात वाचला. दुसऱ्या माणसाने काम केलं, काकांनी सांगितलं तसंच.' मी तो बाबांना दोनदा वाचून दाखवला. ते "बरा, बरा" म्हणाले.

त्यानंतर आम्ही हळूहळू वर सरकलो. बहीण तिच्या फोनवरून बघून कळवते. कधी पहिल्या पानाच्या तळाशी, कधी पुन्हा दुसऱ्या पानावर. पण फोन येतात. घाटकोपर, पवई, मरोळ. निम्मे लोक नुसतं विचारतात आणि बाबा प्रत्येकाला सांगत बसतात. मी अजून दिवसातून दहा वेळा तपासते, सवय जात नाही.

गेल्या रविवारी नवं पान टाकलं, शटरच्या बाजूच्या पट्ट्यांत ग्रीस कधी लावायचं, त्याचं. बाबांनी माझ्याकडून वाचून घेतलं आणि मान हलवली. "आधी फडक्यान् माती पुसूची. ता खय लिवलंस?" मी लॅपटॉप परत उघडला.